नेमबाजीसाठी रिव्हॉल्व्हर घेऊ का? एफडीच्या ३ लाख ६० हजारांचा प्रश्न

प्रश्न: वय ४४, नाशिकला अंबड एमआयडीसीत सुपरवायझर. पत्नी शिक्षिका. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ९८,०००. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचा हप्ता धरून महिन्याचा खर्च ७२,०००. मुलगी दहावीत. बचत खात्यात १ लाख ३० हजार आहेत आणि या महिन्यात ३ लाख ६० हजारांची एफडी सुटते आहे. वर्षभर क्लबच्या एअर पिस्तूलवर सराव करतो. आता टार्गेट शूटिंगसाठी स्वतःचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घ्यावं असं मनात आहे. लॉकर धरून पावणेदोन लाख लागतील. डीलर एका काडतुसाचे ११० रुपये सांगतो. मित्र म्हणतो, वस्तू राहते आणि भावही वाढतो. पत्नीचा विरोध आहे. तसे क्लबमधले एकजण त्यांचं मॅच (स्पर्धेचं) एअर पिस्तूल ९० हजारांना देताहेत. काय करू?

उत्तर: रिव्हॉल्व्हर आत्ता घेऊ नका. नेमबाजी मात्र सोडू नका, आणि तिच्यावर पैसे खर्च करायलाही कचरू नका. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस शिफ्ट संपवून रेंजवर जातो, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. म्हणूनच हे पैसे चुकीच्या जागी अडकू नयेत असं वाटतं.

आधी वस्तूचं बोलू. आपल्याकडे परवान्यावर सहज मिळणारी .३२ रिव्हॉल्व्हर, म्हणजे कानपूरची 'निर्भीक' किंवा २०२३ साली आलेली 'प्रबल', ही स्वसंरक्षणासाठी बनवलेली आहेत. नळी आखूड, तीन इंचांच्या आसपास. नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असते ती माशी आणि मागे असते ती खाच, यांत जेमतेम १२ सेंटिमीटर अंतर धरा. नेम धरताना माशी एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे २१ सेंटिमीटर बाजूला जाते. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटचा काळा गोल २० सेंटिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत दहाच. एका मिलिमीटरच्या चुकीने गोळी काळ्याच्या पार बाहेर. स्पर्धेच्या पिस्तुलात हेच अंतर २२ सेंटिमीटरपर्यंत असू शकतं, तिथे तीच चूक सुमारे ११.४ सेंटिमीटरवर येते. शिवाय मागची खाच स्क्रूने डावी-उजवी, वर-खाली करता येते. रिव्हॉल्व्हर सेंटर फायर (मोठ्या बोअरच्या काडतुसांच्या) स्पर्धाप्रकारात नियमाने चालतं, नाही असं नाही. पण ते लांब नळीचं आणि अशी खाच असलेलं लागतं. तुमच्या मनातलं ते नाही.

आता खरा खर्च. डीलरने एका काडतुसाचे ११० रुपये सांगितले, असं तुम्ही लिहिलं आहे. साठ गोळ्यांची एक मॅच म्हणजे ६,६०० रुपये. आठवड्याला एक मॅच खेळलात तर महिन्याला २६,४००. तुमची महिन्याची शिल्लक किती? २६,०००. म्हणजे एसआयपी बंद, मुलीचा क्लास बंद, आणि सराव आठवड्यातून एकदाच. त्यात साध्या परवान्यावर वर्षाला मिळणाऱ्या काडतुसांना मर्यादा असते. आठवड्याला साठ हा हिशेब तिच्यात बसतच नाही. परिणाम असा की पावणेदोन लाखांची वस्तू कपाटात राहील आणि तुमचा हात थंड पडेल.

याउलट एअर पिस्तुलाच्या .१७७ बोअरच्या मॅच छर्ऱ्यांचा पाचशेचा डबा तुम्हाला १,२०० ला मिळतो. आठवड्यातून चार दिवस साठ-साठ छर्रे मारले तरी महिन्याला दोन डबे, २,४०० रुपये. नेमबाजी हातात येते ती अशा वारंवार सरावाने. नाशिकच्याच क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी सुरुवातीला कर्ज काढल्याची गोष्ट सगळीकडे छापून आली होती. ते कर्ज गोळ्यांसाठी होतं. या खेळात पैसा कुठे जातो हे त्यावरून कळावं.

'भाव वाढतो' हे मित्राचं म्हणणं जुन्या परदेशी हत्यारांबाबत खरं आहे, कारण सर्वसामान्यांसाठी आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे आणि आहे तोच माल फिरतो. देशी रिव्हॉल्व्हरला हे लागू नाही, ते कारखान्यातून नवं मिळतं. आणि विकायचं ठरवलंत तरी घेणाऱ्याकडे परवाना हवा, कळवाकळवी हवी. अडीअडचणीला चार दिवसांत पैसा उभा राहत नाही. सोनं गहाण ठेवता येतं, हे नाही. त्याला गुंतवणुकीच्या रकान्यात लिहू नका.

परवान्याबद्दल थोडक्यात: शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. वैद्यकीय दाखला, हत्यार हाताळणीचं प्रशिक्षण, पोलीस पडताळणी, आणि मिळेलच याची खात्री नाही. २० ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या .१७७ एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मात्र द्यावा लागतो.

वहिनींचा विरोध मी पैशांच्या हिशेबाबाहेर ढकलणार नाही. दहावीतली मुलगी घरात असताना आईला लॉकरच्या चावीची काळजी वाटणारच. ती रास्त आहे. एअर पिस्तूलही कुलपातच ठेवायचं, पण ते घरात आणण्यापूर्वी दोघींना एकदा रेंजवर घेऊन जा.

मग ३ लाख ६० हजारांचं काय? दोघं कमावते आहात, तेव्हा चार महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी पुरे, म्हणजे २ लाख ८८ हजार. हाताशी १ लाख ३० हजार आहेत. एफडीतून १ लाख ६० हजार त्यात घाला आणि पुन्हा छोट्या एफडी करा, दोन-तीन तुकड्यांत, म्हणजे गरज पडली तर एकच मोडेल. उरले दोन लाख. क्लबमधले एकजण त्यांचं मॅच एअर पिस्तूल ९० हजारांना देताहेत असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलं आहे. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे. ते घ्या. बाकीचे १ लाख १० हजार मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी दोन वर्षांच्या एफडीत ठेवा. इतक्या कमी मुदतीत शेअर बाजार नको. छर्रे आणि रेंज फीसाठी महिन्याला ४,००० वेगळे काढा आणि त्याची लाज बाळगू नका.

दीड-दोन वर्षांनी गुण वाढले आणि २५ मीटरवर जावंसं वाटलं, तर आधी .२२ बोअरच्या पिस्तुलाचा विचार करा, तोही क्लबच्या हत्यारावर.

व्यवहार करण्यापूर्वी ते पिस्तूल नीट पाहा. हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. उत्पादनापासून दहा वर्षं झाली की तो वापरायचा नाही. मुदत सरत आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत ९० हजारांतून वजा करून मागा. ग्रिप तुमच्या पंजाला बसते का, की कोरून घ्यावी लागेल, ते बघा. आणि ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला लावून नळी उभी धरून उचला. वजन उचलताना ट्रिगर सुटला, तर तो दुरुस्त करून द्यायला सांगा आणि मगच पैसे मोजा.