हात जड वाटतो म्हणाल्या, तेव्हाच

प्रिय,

तुझा निरोप वाचला. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या त्या बाई सांगत होत्या की हात जड वाटतो. तू मोजायची टेप लावलीस, दोन्ही हातांत जेमतेम ४ मिलिमीटरचा फरक निघाला, आणि ‘सूज नाही, काळजी करू नका’ असं सांगून तू त्यांना पाठवलंस. मग रात्री झोप लागली नाही म्हणतेस. तुला ते खटकलं हे बरं झालं, कारण त्या बाईंना परत बोलवायला हवं.

तू लिहिलंयस की ऑपरेशन डाव्या बाजूचं आहे आणि त्या सगळी कामं उजव्या हाताने करतात. कामाचा हात मुळातच थोडा भरलेला असतो. म्हणजे त्यांचा डावा हात उजव्यापेक्षा किंचित बारीक असायला हवा होता, आणि तो ४ मिलिमीटर जास्त भरला. खरी वाढ किती, हे ऑपरेशनआधीचं माप असतं तरच कळलं असतं. ते कुणीच घेतलं नाही. यापुढे तुझ्याकडे ऑपरेशनआधी येणाऱ्या प्रत्येकीचे दोन्ही हात मोजून ठेव: मनगटापासून दर ४ सेंटिमीटरवर, दर वेळी त्याच खुणांवर, शक्यतो तूच.

काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे हातातला द्रव ज्यांच्यातून गाळून परत जातो त्या गाठी, काढल्या किंवा त्यांच्यावर रेडिएशन दिलं की हातातून परत जाणाऱ्या द्रवाची वाट अरुंद होते. उरलेल्या वाहिन्या काही काळ जास्तीचं ओझं ओढतात. त्या काळात टेपला काहीच सापडत नाही, पण बाईला कळत असतं. संध्याकाळी अंगठी निघत नाही, एकच बाही घट्ट होते, घड्याळाचा पट्टा खूण ठेवून जातो. २ सेंटिमीटरचा फरक किंवा आकारमानात १० टक्के वाढ हे निदानाचे आकडे आहेत. बाईच्या हाताचं माप त्या आकड्यापर्यंत पोचेस्तोवर थांबायचं, असा त्यांचा अर्थ नाही. सुरुवातीलाच मापाची स्लीव्ह, म्हणजे हात दाबून धरणारी घट्ट बाही, दिली तर हात मूळ मापाजवळ येऊ शकतो. उशीर झाला की त्या पाण्याच्या जागी चरबी आणि तंतू साठतात, आणि मग बँडेज, मसाज, व्यायाम सगळं करूनही हात पूर्वीसारखा होत नाही. आणि हो, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही. द्रवातली प्रथिनं तिथेच राहतात. कुणी त्या सुरू केल्या असतील तर त्यांच्या डॉक्टरांशी बोल.

आता दुखण्याबद्दल. ‘खांदा आणि छाती दुखते’ असं तू एका ओळीत लिहिलंस, त्यावरून मला काहीच कळलं नाही. नेमकं कुठे, कधीपासून, कशाने वाढतं? दंडाच्या आतल्या बाजूला जळजळ आणि बधिरपणा असेल तर काखेतून जाणारी त्वचेची नस ऑपरेशनमध्ये दुखावलेली असते. हात वर नेताना काखेतून कोपरापर्यंत दोरी ताणल्यासारखं वाटतं का? तर हात वर धरून त्वचेखाली बोट फिरव, दोरी हाताला लागेल. ती बहुधा काही महिन्यांत विरते, हळूहळू ताण देत राहिलं तर लवकर. रेडिएशननंतर छातीचा स्नायू आखडतो तो कधी महिन्यांनी, कधी वर्षांनीसुद्धा. पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाच्या डोसनंतर दोन-तीन दिवसांत अंग ठणकतं आणि आठवड्याभरात उतरतं. आणि सकाळी दोन्ही हातांची बोटं, गुडघे आखडलेले असतील, तर लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल ही कर्करोग परतू नये म्हणून रोज घ्यायची गोळी चालू आहे का ते विचार. त्या दुखण्याला कंटाळून कितीतरी जणी गोळी गुपचूप बंद करतात. ती गोळी त्यांचं आयुष्य राखते आहे, म्हणून ‘घेता ना रोज?’ हे प्रेमाने विचार, आणि नसतील घेत तर रागावू नकोस. बदलून देण्यासारखी औषधं आहेत, नियमित व्यायामाने दुखणं कमी होतं.

व्यायामाबाबत मी स्वतः मोठी चूक केली आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही सगळ्यांनाच सांगत असू: त्या हाताने काही उचलू नका. एका बाईंनी ते दोन वर्षं अक्षरशः पाळलं. परत आल्या तेव्हा खांदा गोठलेला, दंड काडीसारखा, आणि नातवंडाला एकदाही उचललं नव्हतं. सूज यायची ती आलीच होती. २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांनी वर्षभर, हळूहळू वाढवत, वजनं उचलली. त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. मी तो वाचला तेव्हा त्या बाईंचाच चेहरा समोर आला. अगदी हलक्या वजनापासून सुरुवात कर, देखरेखीखाली, सूज असेल तर स्लीव्ह घालून. पण सुरुवात कर.

त्या बाई त्या हाताला रक्तदाबाचा पट्टाही लावू देत नाहीत म्हणतेस. दुसरा हात मोकळा असेल तर तोच वापरावा. पण एकदा चुकून लावला गेला म्हणून त्यांनी आठवडाभर रडू नये. २०१६ मधल्या ६३२ जणींच्या अभ्यासात रक्तदाब मोजणं किंवा सुई टोचणं याचा सुजेशी संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो काखेचं ऑपरेशन, ग्रंथींवरचं रेडिएशन, शरीराचं जास्त वजन आणि त्वचेचा जंतुसंसर्ग यांचा. म्हणून त्वचा जपायला शिकव: ओरखडा आला की लगेच धुणं, मलम, कोरडेपणाला तेल किंवा क्रीम.

हात लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, मसाज अजिबात नाही. एका रात्रीत सुजला तर रक्ताची गुठळी आधी तपासायची. वर्षानुवर्षं ठीक असलेला हात नव्याने सुजून दुखू लागला, ताकद कमी झाली, तर कर्करोग परतलेला नाही ना, हे पाहिल्याशिवाय हात लावू नकोस.

उद्या फोन कर. ‘माझं चुकलं, पुन्हा बघूया’ एवढं सांगितलंस तरी त्या येतील. वेळ मात्र संध्याकाळची दे. रात्रभर आडवं राहिल्याने सकाळी हात उतरलेला असतो.

तुझी ताई