आत्याबाईंचे कोडे

चि. ओवी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पणजीच्या जुन्या पत्रात ती आपल्या सासूला ‘आत्याबाई’ का म्हणते, सासू म्हणजे वडिलांची बहीण कशी असेल, असे तू रविवारी विचारलेस आणि मी ‘तेव्हा तशी पद्धत होती’ म्हणून वेळ मारून नेली. तुला पडलेला हाच प्रश्न घेऊन जन्मभर हिंडलेल्या एक बाई होत्या, आणि त्या काही काळ आपल्या या बर्लिनमध्येच राहिल्या होत्या. म्हणून उत्तर त्यांच्या आठवणीसह लिहिते.

त्या म्हणजे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शिकायला त्या लहानपणीच पुण्यात आल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सूनबाई. एका बाबतीत त्या पणजीहून अगदी निराळ्या होत्या : ज्या काळात बायका नवऱ्याचे नाव फक्त उखाण्यात घेत, त्या काळात त्या आपल्या पतीला सरळ ‘दिनू’ म्हणत.

१९२७ च्या सुमारास त्या बर्लिनला आल्या. शहराच्या डालेम भागातील मानववंशशास्त्राच्या ज्या संस्थेत त्यांनी काम केले तिची इमारत अजून उभी आहे. पुढच्या वेळी तिकडे गेलो की दाखवीन. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा समज असा, की गोऱ्या युरोपीय माणसांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि त्यातच त्यांच्या वरचढ बुद्धीचे मूळ आहे. इरावतीबाईंनी शंभराहून अधिक कवट्या मोजल्या आणि वंशाचा व या असमानतेचा काहीही संबंध दिसत नाही, असे लिहून दिले. परक्या देशात, ज्याच्या हाती आपली पदवी आहे त्याला असे सांगणे सोपे नसते.

आता आत्याबाई. महाराष्ट्रातील अनेक जातींमध्ये मुलासाठी त्याच्या मामाची मुलगी करून घेण्याची चाल होती. अशा लग्नात नवरी कोणाच्या घरी नांदायला जाते, ते कागदावर रेघा काढून पाहा : ती आपल्या वडिलांच्या बहिणीच्या घरी जाते, म्हणजे तिची सासू हीच तिची आत्या! मावशीची मुलगी मात्र सख्ख्या बहिणीसारखी, तिच्याशी लग्न नाही. पणजीची सासू तिची खरी आत्या नव्हती. चाल मागे पडली तरी हाक उरते. उत्तरेकडे मामाच्या मुलीशी लग्न बहुतेक ठिकाणी निषिद्ध, तर दक्षिणेत काही जातींत मामा-भाचीचेही लग्न होते. आपला महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. नात्यांच्या अशा शब्दांचा आणि चालींचा देशभर फिरून केलेला अभ्यास त्यांनी १९५३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ‘ओंकेल’ (काका, मामा) आणि ‘टांटे’ (आत्या, मावशी) या दोन जर्मन शब्दांत सगळे नातेवाईक बसवणाऱ्या तुझ्या वर्गाला हे सांगून बघ.

१९७० च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. मला त्यांची आठवण होते ती मात्र पंढरीच्या वाटेवरची. त्या वारीला पायी गेल्या, तेव्हा एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा बायकांच्या पंगती वेगळ्या बसत. दिवसभर एकत्र अभंग म्हणायचे आणि जेवताना दूर व्हायचे, हे त्यांना सोसेना. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या. मग त्या बायका त्यांचा हात धरून चालू लागल्या, संसारातले सांगू लागल्या, त्यांना ‘ताई’ म्हणू लागल्या. आम्ही पुण्याला तुमच्याकडे येऊ, असेही काहीजणी म्हणाल्या. तेव्हा त्यांच्यातल्या एका तरुण मुलीने विचारले, की आत्ता वागता तशाच तुम्ही तिथेही आमच्याशी वागाल का? तो प्रश्न जिव्हारी लागला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

तुझी,
आई