वाचकांचे प्रश्न : समुद्र उजव्या हाताला ठेवून

प्रश्न : मी ५५ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून माझे यजमान ५९ वर्षांचे आहेत. महिन्यातून दोन रविवारी आम्ही सायकलने अक्कलकोट किंवा तुळजापूरला जाऊन येतो. आता स्पेनपासून ग्रीसपर्यंत भूमध्य सागराच्या काठाने तीन महिन्यांत सायकलप्रवास करायचा, असे यजमानांनी ठरवून टाकले आहे. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत आणि माझा वेग त्यांच्यापेक्षा बराच कमी आहे. हे आम्हाला जमेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : जमेल, ताई, मात्र यजमानांनी आखले आहे तसे नव्हे. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा ‘युरोव्हेलो ८’ हा युरोपातील लांब पल्ल्याचा सायकलमार्ग असावा. स्पेनमधील काडिसपासून सायप्रसपर्यंत त्याची लांबी सुमारे ७,५०० किलोमीटर धरली जाते. ग्रीसला थांबलात तरी त्यातला मोठा भाग कापावा लागतोच, आणि शेंगेन व्हिसावर (युरोपातील बऱ्याच देशांना मिळून असलेल्या एकाच व्हिसावर) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. क्रोएशियाही १ जानेवारी २०२३ पासून त्याच हिशेबात आल्यामुळे, तिथे काही आठवडे काढून दिवस वाचवण्याची जुनी युक्ती आता चालत नाही. विश्रांतीचा एकही दिवस न घेता, पासपोर्टवरचे दिवस मोजत रोज पेडल मारण्याला मी तरी सहल म्हणणार नाही.

त्याऐवजी एक महिना ठेवून स्पेनमधील बार्सिलोना ते इटलीतील जिनोआ एवढेच अंतर घ्यावे. ते हजार किलोमीटरांच्या आसपास भरते, म्हणजे रोज चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आणि आठवड्यातून एक सुट्टी. या पट्ट्यात रेल्वे बहुतेक ठिकाणी जवळ असते, त्यामुळे गुडघा दुखला किंवा पाऊस लागला तर सायकलीसह स्थानिक गाडीत बसता येते. प्रवासाची दिशा मात्र उलटी करू नये. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना समुद्र सतत आपल्या उजव्या हाताला, अगदी कठड्यापलीकडे राहतो. आपल्या सवयीप्रमाणे उजव्या हँडलला लावलेला आरसा मात्र डावीकडे घ्यावा लागेल.

वाऱ्याचा विचार अंतरापेक्षा आधी करावा. फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उतरणारा मिस्त्राल हा थंड, कोरडा वारा हिवाळ्यात आणि वसंतात विशेष जोर धरतो. त्या नदीच्या मुखाशी असलेल्या कामार्गच्या सपाट दलदलीत तो बाजूने आदळला की सायकलच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या शिडासारख्या वागू लागतात. अशा दिवशी मुक्काम वाढवावा आणि फ्लेमिंगो पाहावेत. उजनीच्या पाण्यावर येतात तेच हे पक्षी आहेत. मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने बरे. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर मोटारींची रीघ असते आणि ऑक्टोबरात मुसळधार पावसाची भीती असते.

सान लोरेंझो अल मारे ते ओस्पेदालेत्ती हा इटलीतील २४ किलोमीटरांचा तुकडा घाईने संपवू नये. जुना रेल्वेमार्ग आत हलवल्यावर त्याच्या जागी सायकलवाट झाली आहे. रेल्वेची असल्याने चढ जवळपास नाहीच आणि जुने बोगदेही आता सायकलींचे आहेत. फ्रान्सकडून येताना ओस्पेदालेत्ती आधी लागते. इटलीत बोगद्यातून जाताना परावर्तक जाकीट अंगात असावे लागते, आणि स्पेनमध्ये गावाबाहेर हेल्मेट सक्तीचे आहे.

वेगातील फरक बोलून मिटत नाही, वजनाने मिटतो. तंबू, अवजारे आणि स्टोव्ह यजमानांच्या सायकलवर चढवावे; आपल्याकडे फक्त कपडे ठेवावेत. सपाटीवर आपण पुढे राहावे, म्हणजे वेग आपण ठरवाल, आणि समोरून वारा असेल तेव्हाच यजमानांनी पुढे होऊन आडोसा द्यावा. ही वाटणी आधी तुळजापूरच्या घाटात, भरलेल्या पिशव्यांनिशी, लागोपाठ तीन दिवस करून पाहावी. एका रविवारचा दम आणि तिसऱ्या दिवशीचे पाय यांत फार अंतर असते.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहाल त्या देशाकडे तो करायचा असतो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

आता जेवणाविषयी. फ्रान्समधील नीस शहरात ‘सोका’ आणि जिनोआत ‘फारिनाता’ मागावे. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल कालवून मोठ्या परातीत भट्टीत भाजलेले हे धिरडेच आहे, कडेने कुरकुरीत आणि मध्ये मऊ. कांदा घातलेली ‘पिसालादिएर’ ही भाजलेली चपटी रोटी मात्र दिसायला निरुपद्रवी असली तरी तिच्यावर अँचोवी मासे असतात. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाटेसाठी जरूर न्यावी. तूप आणि पेढे मात्र घरीच ठेवावेत, कारण बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ सामानात आणायला युरोपीय संघात बंदी आहे.