अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्याकडे गणिताच्या पेपरातल्या ≤ चा £ आणि ∴ चा \ का होतो?

तुम्ही खरं चिन्ह टाकलेलंच नाही. सिम्बॉल फॉन्ट लावून £ आणि \ टाईप झालंय, म्हणून तिथे फॉन्ट बदलला की सोंग उतरतं. त्या जुन्या फॉन्टमध्ये £ च्या जागी ≤ आणि \ च्या जागी ∴ बसवलेलं असतं. विंडोजवरच्या वर्डमध्ये चिन्हाचा युनिकोडचा (प्रत्येक अक्षर-चिन्हाला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला) क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाईप करून लगेच ऑल्ट-एक्स दाबा:

2264 → ≤
2260 → ≠
2234 → ∴

आधी इंग्रजी आकडा असेल तर मध्ये स्पेस सोडा, नाहीतर तोही क्रमांकात धरला जातो आणि भलतंच काहीतरी उमटतं. मात्र डीटीपीवाला युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टवर काम करत असेल, तर तिथे हेही बिघडेल. त्याला सरळ पीडीएफ द्या.