दुधाच्या खाड्यांशेजारी

तुम्ही विचारलंय, नोकरी बरी आहे, घर स्वतःचं आहे, तक्रार करावी असं काही नाही, तरी सगळे दिवस एकाच साच्यातून काढल्यासारखे जातात. लोक म्हणतात छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा, तर तो शोधायचा कसा?

मला शोधता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. निवृत्त झालो त्या वर्षी लेकीने एक सुंदर वही आणून दिली. रोज रात्री दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी त्यात लिहायच्या. पहिल्या दिवशी लिहिलं चहा, नातू, पाऊस. दुसऱ्या दिवशी पाऊस, नातू, चहा. पाचव्या दिवसापासून त्या वहीत सोसायटीच्या वर्गणीचा हिशेब आहे.

जमलं ते कॅलेंडरवर. आमच्याकडे फ्रिजशेजारच्या खिळ्याला कालनिर्णय असतं. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या मावशींच्या सुट्ट्या, असं सगळं चालतं. एका जानेवारीत मी त्याच चौकोनात पेन्सिलीने ‘तां.’ एवढंच लिहून ठेवलं. बायकोने ते वाचलं ‘तांदूळ’, आणि संध्याकाळी दुकानातून दहा किलो इंद्रायणी घरी आला. तेव्हापासून पूर्ण शब्द लिहितो: तांबट बोलला.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. माझं लहानपण गेलं पुण्यात, कसबा पेठेत, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. सकाळी आठ-साडेआठला तांब्यावर हातोड्या पडायला लागायच्या. बंब, घंगाळी, हंडे. भांड्याला आकार आला की त्याच्या सगळ्या अंगावर एकाला एक लागून ठोके देत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. एक हात भांडं फिरवतो, दुसरा ठोकतो, आणि ठोक्याची लय सुटत नाही. आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही, इतका अंगवळणी पडलेला. दुपारी जेवायला कारागीर उठले की मात्र एकदम काहीतरी गेल्यासारखं वाटायचं.

पुढे पेठ सुटली, सिंहगड रस्त्याला फ्लॅट झाला. तिथे एका सकाळी दाढी करताना ऐकू आलं, टुक, टुक, टुक, टुक. मला खरंच वाटलं, खाली कुणी भांडं ठोकत बसलंय. बाल्कनीतून डोकावलो तर कुणी नाही. आवाज एकदा डावीकडून येतो, एकदा उजवीकडून. मग दिसला. समोरच्या उंबराच्या वाळक्या फांदीच्या टोकावर, चिमणीपेक्षा थोराड, हिरवागार, कपाळावर आणि छातीवर लालभडक. प्रत्येक टुकला मान वळवत होता, म्हणून आवाज जागा बदलतोय असं वाटत होतं. ‘तांबट’ हे त्या पक्ष्याचं नाव मला शाळेपासून माहीत होतं. ते का पडलं, हे कळायला मला साठी गाठावी लागली, आणि तेही अर्ध्या गालाला साबण असताना.

थंडीत हा गडी जवळजवळ मुका असतो. ऊन तापायला लागलं की सुरू होतो आणि मग उन्हाळाभर उसंत देत नाही. त्यामुळे वर्षातला त्याचा पहिला ठोका टिपायचा मला छंद लागला. गेल्या तीन वर्षांत माझ्या बाल्कनीत तो १९, २७ आणि २३ जानेवारीला ऐकू आला. आता संक्रांत झाली की माझे कान उभे असतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला विचाराल तर संक्रांतीनंतरच्या या वाट बघायच्या आठवड्यात आहे. आवाज मार्चमध्ये फुकट मिळतो, दिवसभर, नको इतका. पण मार्चमध्ये मी बाल्कनीत जातसुद्धा नाही.

दुसरी नोंद मे महिन्यातली. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. दोन्ही अयनवृत्तांच्या मधल्या प्रत्येक गावाला हे वर्षातून दोनदा मिळतं. मुंबईला आमच्यानंतर एक-दोन दिवसांनी. वेळ मात्र बाराची नाही. आपली घड्याळं मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लावलेली, पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून आमच्याकडे सूर्य माथ्यावर यायला १२ वाजून ३१ मिनिटं होतात. पहिल्या वर्षी बारालाच गच्चीवर जाऊन बसलो आणि अर्धा तास भाजून निघालो. वॉचमन वर येऊन म्हणाला, “काका, काही झालंय का घरी?”

स्टीलचा उंच डबा उन्हात ठेवला होता. सावली आखडत आखडत बुडाशी आली, मग एक बारीक काळी रेघ उरली, मग तीही डब्याखाली गेली. पाण्याच्या टाकीच्या उभ्या पाइपलाही सावली नाही. वॉचमन आपल्या पायांकडे बघत गोल फिरला. एवढंच. दोन-तीन मिनिटांचा खेळ. गेल्या वर्षी गच्चीवर अकराजण होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ताक आणलं होतं. सूर्य दक्षिणेकडे परत जाताना जुलैअखेरीस हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा पुण्यावर ढग. मला तो एकदाही दिसलेला नाही, तरी कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

बाकीच्या नोंदी किरकोळ आहेत. पहिली कैरी. विरजण रात्रभरात लागेनासं झालं तो दिवस, म्हणजे पातेलं टॉवेलात गुंडाळून ठेवायचे दिवस आले. ऑक्टोबरात बुचाची फुलं पडायला लागली तो दिवस. त्यांच्या लांब देठांची वेणी सुईदोऱ्याशिवाय गुंफता येते. आमची बायको बोलता बोलता करते, मला अजून जमत नाही.

यातलं काही तुम्हाला लागू होईलच असं नाही. तांबट गृहकर्जाचा हप्ता भरत नाही, आणि नऊला निघून रात्री नऊला घरी येणाऱ्याला दुपारची सावली कुठून दिसणार? पण संध्याकाळ दिसते ना? २२ डिसेंबर हा सर्वात लहान दिवस, म्हणून तोवर संध्याकाळ आखडतच जाते असं मी पन्नास वर्षं धरून चाललो होतो. तसं नाही. पुण्यात सर्वात लवकर सूर्य मावळतो तो नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात, ५ वाजून ५६ मिनिटांच्या आसपास. २२ डिसेंबरला ६ वाजून ३ मिनिटं झालेली असतात. दिवसाची काटछाट तेव्हा सकाळच्या बाजूने चालू असते, आणि संध्याकाळ आपली गुपचूप लांबायला लागलेली असते. ऑफिसच्या खिडकीतून एवढं बघता येईल.

आज २४ नोव्हेंबर. गच्चीवर जाऊन आलो, ५ वाजून ५६ ला पाण्याच्या टाकीवरचं ऊन गेलं. नवं कॅलेंडर दिवाळीतच आणून ठेवलंय, अजून गुंडाळीतच आहे. ते उघडलं की जुन्यावरच्या तारखा त्यावर पेन्सिलीने उतरवायला तासभर जातो. हे लिहिता लिहिता बायकोने आतून विचारलं, आज दूध अर्धा लिटर कमी आलं ते मांडलं का? नाही मांडलं. उठतो.