बिलातली सूट, नंतरची सूट आणि परत गेलेले पंखे: नोंद कुठे करायची?

तुम्ही विचारलंय की, दुकानासाठी पंखे घेतले, बिलातच १० टक्के सूट होती, थोडे पंखे परत पाठवले आणि दहा दिवसांत पैसे दिले म्हणून वितरकाने आणखी २ टक्के सोडले. यातलं वहीत काय येतं?

मी छोट्या दुकानांचे हिशेब लिहितो. सगळ्यात जास्त गोंधळ या दोन सुटींचाच होतो. बिलातली १० टक्के ही व्यापारी सूट, ती वहीत येतच नाही. समजा, २,००० रुपयांचे २० पंखे घेतले. ४०,००० मधून ४,००० वजा झाले की तुमच्यासाठी भाव ३६,०००. खरेदी खाते नावे (डेबिट) ३६,०००, सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी, ९-९ टक्के) प्रत्येकी ३,२४० नावे, वितरक जमा (क्रेडिट) ४२,४८०. ते ४,००० ‘मिळालेली सूट’ म्हणून लिहिलेत तर खरेदीही फुगते आणि उत्पन्नही.

आता ३ पंखे परत गेले. वितरक नावे ६,३७२. खरेदी परत खाते जमा ५,४००, दोन्ही जीएसटी खाती जमा ४८६-४८६. हे थेट खरेदी खात्यातून वजा करू नका. सुरुवातीला मी तसंच करायचो, आकडे जुळायचे म्हणून. मग एका दुकानदाराने विचारलं, ‘वर्षभरात कोणाचा माल जास्त परत गेला?’ आणि मला जुनी व्हाउचरं उपसत बसावं लागलं. आणखी एक, तुम्ही डेबिट नोट (माल परत केल्याचा तुमचा कागद) पाठवली तरी जीएसटीच्या हिशेबात चालते ती वितरकाची क्रेडिट नोट (तुमचं देणं कमी केल्याचा विकणाऱ्याचा कागद). ती मागून घ्या.

राहिले ३६,१०८. रोख सूट, म्हणजे ते २ टक्के, करपूर्व रकमेवर की पूर्ण बिलावर, हे वितरकाला आधीच विचारा. करपूर्व ३०,६०० वर धरली तर ६१२ रुपये. वितरक नावे ३६,१०८, बँक जमा ३५,४९६, मिळालेली सूट जमा ६१२. ही सूट लवकर पैसे दिल्याची आहे, मालाच्या भावाची नाही, म्हणून तिला स्वतःचं खातं. वितरकाने या ६१२ वरचा जीएसटी कमी केला नसेल, तर तुम्हीही घेतलेल्या क्रेडिटला (खरेदीवर दिलेल्या जीएसटीच्या वजावटीला) हात लावू नका.

गिऱ्हाइकाने पंखा परत आणला की हेच उलटं: विक्री परत नावे, गोळा केलेला जीएसटी नावे, गिऱ्हाईक जमा किंवा रोख जमा, आणि क्रेडिट नोट तुमची. साठ्यात मात्र तो विक्रीच्या भावाने नाही, खरेदीच्या भावाने परत घ्यायचा. पातं वाकलं असेल आणि विकून तेवढे पैसे येणार नसतील, तर जेवढे येतील तेवढेच धरा.

हे सगळं नेहमीच्या जीएसटी नोंदणीसाठी. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची जीएसटी योजना) असाल तर क्रेडिट मिळतच नाही, म्हणजे कर खरेदीतच मिसळायचा: खरेदी ४२,४८०, परत ६,३७२.