शीत आघाडीने उकाडा मोडला की घराच्या खिडक्या नेमक्या कधी उघडायच्या?

दमट उष्णतेची लाट चालू आहे, उद्या संध्याकाळी शीत आघाडी (उष्ण हवेला रेटत येणाऱ्या गार हवेची पुढची कड) येणार, मग एसी बंद करून खिडक्या कधी उघडू, असं तुम्ही विचारलंय. पहिला गार वारा सुटला की सताड उघडा, असं जो तो सांगतो. मला हे मुळीच पटत नाही. आणि ॲपवरचे आर्द्रतेचे टक्के बघून ठरवणं तर त्याहून चुकीचं.

दुपारी तापमान ३४ अंश आणि दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत गार केली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते तापमान) २५ असेल तर आर्द्रता साधारण ६० टक्के येते. आघाडी गेल्यावर पहाटे तापमान १५ आणि दवबिंदू १३ झाला की तोच आकडा ८८ दाखवतो, कारण हे टक्के त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त किती बाष्प मावतं त्याच्या तुलनेत असतात. मग पहाटेची हवा जास्त दमट का? दुपारी घनमीटरमागे सुमारे २२ ग्रॅम बाष्प होतं, पहाटे जेमतेम ११. घाम किती वेगाने वाळतो ते कातडीपाशी आणि हवेत बाष्पाचा जो दाब असतो, त्यांतल्या फरकावर ठरतं. ३५ अंशांच्या ओल्या कातडीपाशी बाष्पदाब ५६ हेक्टोपास्कल असतो. दुपारच्या हवेत तो ३२, म्हणजे फरक २४. पहाटे १५, फरक ४१. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातली सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, नुसता टपकला तर काहीच नेत नाही. उकाड्यात धारा लागूनही जीव नकोसा होतो तो म्हणूनच. तेव्हा टक्के सोडा, दवबिंदू बघा. २४ च्या वर गेला की घुसमट, १६ च्या खाली आला की सुटल्यासारखं वाटतं.

आता तो पहिला गार वारा. आघाडीच्या पुढे बऱ्याचदा गडगडाटी ढगांची रांग चालत असते. त्या ढगांतून पावसाने गार झालेली हवा खाली कोसळते आणि पसरते. पाव तासात ३३ चे २३ होतात, पण दवबिंदू २१-२२ वरच असतो. एसीने कोरड्या ठेवलेल्या घरात ही हवा घेतली की गार फरशीला पाणी सुटू शकतं, गाद्या ओलसर लागतात, लाकडी खण अडकायला लागतात. तासाभराने वारा पुन्हा फिरतो आणि होती तीच चिकचिक परत.

खरी आघाडी म्हणजे गार, जड हवा पाचरीसारखी उष्ण हवेखाली घुसून तिला उचलून फेकते. (हा शब्द नॉर्वेतल्या बर्गनच्या हवामानशास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धातल्या रणआघाडीवरून घेतला, आणि तो चपखल आहे.) उत्तर गोलार्धात बहुधा नैऋत्येकडून येणारा वारा वळून वायव्येकडून यायला लागतो आणि तसाच राहतो. घसरत आलेला वायुदाब चढायला लागतो. दवबिंदू पुढचे तीन-चार तास उतरतच जातो.

ॲपवर विश्वास नसेल तर स्टीलच्या पेल्यात अर्धं साधं पाणी घ्या, थर्मामीटर बुडवा, बर्फाचे बारीक तुकडे एकेक टाकून ढवळत राहा. पेला बाहेरून ज्या अंशाला धुरकटला तो दवबिंदू. तोंड लांब ठेवा, श्वासानेही धुरकटतो. एकदा आत, एकदा बाहेर मोजा. बाहेरचा खाली गेला की उघडा.

त्याआधी एसी पूर्ण बंद करा, नुसत्या फॅन मोडवर नको. एसीच्या आतल्या गार नळ्यांवर (कॉइलवर) साचलेलं पाणी वाळून खोलीतच येतं. वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडा. समोरच्या बाजूला पंखा बाहेर तोंड करून, खिडकीपासून दोन-तीन फूट आत ठेवा, म्हणजे तो आजूबाजूची हवाही ओढून नेतो. पंख्याशेजारची दुसरी खिडकी मात्र बंद हवी, नाहीतर तीच हवा तिथून आत येऊन फिरत राहते. कपाटांची दारं उघडी टाका, गाद्या उभ्या करा.

एवढं करूनही पहिल्या रात्री घर गरमच राहील. घनमीटरभर काँक्रीट एक अंश थंड व्हायला तेवढ्याच हवेच्या दीड-दोन हजार पट उष्णता बाहेर जावी लागते. म्हणून वयस्कर माणसांना, हृदयविकार असलेल्यांना त्या रात्री गच्चीखालच्या खोलीत झोपवू नका. लाट संपली असं बाहेरच्या हवेवरून ठरवणं त्यांच्या जिवावर बेतू शकतं.

हे सगळं एसी असलेल्या घराचं झालं. एसी नसेल तर आतबाहेर दवबिंदू जवळपास सारखाच असतो, तेव्हा पाऊस आत येत नसेल तर पहिल्या झोतालाच उघडा. सकाळी भिंतीला तळहात लावून बघा. कोमट लागली तर दुसऱ्या रात्रीही पंखा तसाच चालू ठेवा.